लेकरानं सांगितल्यावर काय करायचं, आणि कुठल्या क्रमानं

मी पोहोचले तेव्हा तिचा शाळेचा चौकड्यांचा फ्रॉक धुऊन दोरीवर वाळत होता. सकाळी आईला सांगितलेली लैंगिक अत्याचाराची गोष्ट दुपारपर्यंत त्या सात वर्षांच्या मुलीकडून आजीनं, मामीनं आणि शेजारच्या काकूंनी एकेकदा वदवून घेतली होती. मामा दोन मित्रांना घेऊन ‘त्याला’ जाब विचारायला गेला होता, आणि ‘तो’ संध्याकाळच्या एसटीनं गाव सोडून गेला होता. पोलिसांना अजून कुणी फोन केला नव्हता.

घरातल्या कुणाचीही नियत खोटी नव्हती. प्रत्येकानं आपल्या परीनं मुलीसाठीच धावपळ केली होती. फक्त क्रम उलटा झाला. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखालच्या केसेसमध्ये मुलांसोबत सपोर्ट पर्सन (सोबतीचं माणूस) म्हणून जाताना हा उलटा क्रम मी इतक्यांदा पाहिलाय की आता तो एकदाचा लिहूनच काढते. पॉक्सो कायदा देशभर एकच आहे, पण इथली व्यवस्थेची नावं महाराष्ट्रातली आहेत.

सुरुवातीलाच तीन गोष्टी पक्क्या करा

पॉक्सोमध्ये १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘बालक’ आहे, मुलगा असो की मुलगी. ‘पोराच्या जातीला काय होतंय’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते.

दुसरी गोष्ट, ‘नुसता कपड्यावरून हात लावला’ म्हणजे काही घडलंच नाही असं नसतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्वचेला त्वचेचा स्पर्श हवा असा निकाल दिला होता. तो सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. हेतू लैंगिक होता का, हे बघितलं जातं. मुलाला घाणेरडी चित्रं दाखवणं, फोनवर तसे मेसेज पाठवणं, लैंगिक हेतूनं पाठलाग करणं हेही कायद्यात येतं.

तिसरी गोष्ट, कळवणं ऐच्छिक नाही. कलम १९ प्रमाणे ज्याला माहिती आहे किंवा असं काही घडण्याची शक्यता वाटते, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. त्यात पालक, शिक्षक, डॉक्टर, वसतिगृहाचे अधीक्षक, शेजारी सगळे आले. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृह प्रकरणात एका डॉक्टरवर माहिती न कळवल्याचा गुन्हा होता. उच्च न्यायालयानं तो रद्द केला होता, सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये पुन्हा उभा केला. सद्हेतूनं माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही. पुरावा गोळा करून मगच कळवायचं अशी अपेक्षा कायद्याची नाही.

टप्पा ०: काही घडण्याआधीची तयारी

हा टप्पा लोक एका व्हिडिओवर उरकतात. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शाळेत दाखवला की झालं. अडचण अशी की गळ टाकणाऱ्या माणसाचा स्पर्श सुरुवातीला वाईट लागत नाही. तो कॅरम खेळतो, मोबाईल देतो, गुदगुल्या करतो. म्हणून मुलाला स्पर्श कसा वाटतो यापेक्षा नियम शिकवा: शूच्या जागेला आंघोळ घालताना आई-बाबा आणि तपासताना आई-बाबांसमोर डॉक्टर, बाकी कुणी हात लावायचा नाही, लावायला सांगायचं नाही, बघायचं-दाखवायचं नाही, फोटो काढायचा नाही.

१. अवयवांना नावं द्या. घरात ‘नुन्नी’, ‘शूची जागा’ म्हणत असाल तर म्हणा, पण त्यासोबत शिश्न, योनी, गुद, छाती हे शब्दही माहीत असू द्या. ‘त्यानं माझी चिमणी धरली’ असं एक मूल बाईंना सांगत होतं आणि बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

२. गंमत आणि गुपित यांतला फरक सांगा. आईच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, ती संध्याकाळी फुटते. जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं मोठं माणूस म्हणतं ते गुपित, आणि ते घरी सांगायचं.

३. मुलाकडूनच तीन मोठ्या माणसांची नावं काढून घ्या, ज्यांना ते काहीही सांगू शकेल. तिघंही एकाच घरातली नकोत.

४. ‘काकांना पापा दे’ ही सक्ती बंद करा. पाहुण्यांना नमस्कार पुरतो. घरातच त्याचा नकार मोडून काढला, तर बाहेर तो टिकणार नाही.

५. मुलाचा दिवस एकदा कागदावर मांडा. शाळेच्या व्हॅनमधून सगळ्यात शेवटी कोण उतरतं? क्लासच्या सरांकडे बॅच सुटल्यावर कोण थांबतं? दुपारी घरात कोण असतं? बहुतेक प्रकरणांत माणूस ओळखीचाच निघतो. अनोळखी माणसाची भीती घालण्यात शक्ती घालवू नका.

*तपासा: मूल पेला फोडून आलं तर तुम्हाला खरं सांगतं का? किरकोळ चुकीवर मार बसत असेल, तर ही मोठी गोष्ट ते तुमच्यापाशी आणणार नाही.*

टप्पा १: पहिली दहा मिनिटं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे जरा थांबते.

मूल कधीच वर्तमानपत्रातल्या बातमीसारखं सांगत नाही. ‘मला क्लासला नाही जायचं.’ ‘दादा घाण आहे.’ ‘आई, मोठ्या माणसांना सू करताना बघितलं तर पाप लागतं का?’ असं अर्धवट एक वाक्य टाकतं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघतं. पोळी लाटत असाल तर गॅस बंद करा आणि त्याच्या उंचीला खाली बसा. किंचाळू नका, रडू नका, ‘काय? कोणी? थांब, त्याचा मुडदा पाडते’ हे तर अजिबात नको. तुम्ही रागावलात की मुलाला वाटतं त्याच्यावरच रागावलात, आणि ते गप्प होतं.

काय म्हणायचं:
‘बरं झालं मला सांगितलंस.’
‘तुझी काही चूक नाही.’
‘अजून काही सांगायचंय का?’
‘मग काय झालं?’

बस, एवढंच. प्रश्न उघडे ठेवा. ‘त्यानं तुझी चड्डी काढली का?’ असं विचारलंत तर मूल घाबरून हो म्हणेल किंवा घाबरून नाही म्हणेल, आणि दोन्ही उत्तरं तुमची असतील, त्याची नाहीत. पुढे कोर्टात बचावाचा वकील याच ठिकाणी बोट ठेवतो: ‘मुलाला शिकवलंय.’

तुम्हाला कळायला हव्यात फक्त चार गोष्टी: कोण, साधारण काय, शेवटचं केव्हा, आणि आत्ता कुठे दुखतंय का. यातलं मूल आपणहून सांगेल ते घ्या. उरलेलं विचारायचं काम प्रशिक्षित माणसाचं.

काय म्हणायचं नाही:
‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’
‘खरं सांगतोयस ना? शप्पथ घे देवाची.’
‘तू कशाला गेली होतीस तिथे?’
‘मी कुणाला सांगणार नाही.’ हे वचन तुम्हाला पाळता येणार नाही, आणि तासाभरात मोडलं की मूल पुढच्या प्रत्येकाला त्याच मापानं मोजेल. त्याऐवजी सांगा, ‘जे आपल्याला मदत करू शकतात त्यांनाच सांगू, आणि सांगण्याआधी तुला विचारीन.’

*सावधान: एकदा सांगितलेलं पुन्हा वदवून घेऊ नका. बाबा घरी आले की ‘सांग बरं बाबांना’, आजी आली की ‘सांग आजीला’ हे नको. बाबांना तुम्ही सांगा, मूल खोलीत नसताना.*

मूल दोन दिवसांनी ‘मी खोटं बोललो’ म्हणालं तर? असं होतं, आणि बऱ्याचदा घरातला गोंधळ बघूनच होतं. आपल्यामुळे आई जेवत नाही, आजी कपाळ बडवते, हे त्याला दिसतं. ‘बरं’ म्हणा, त्याला खोटं ठरवू नका, आणि पुढच्या टप्प्यांचं काम चालू ठेवा.

टप्पा २: लगेच लिहून ठेवा

मूल झोपलं किंवा खेळायला लागलं की वही घ्या. तारीख, वेळ, कुठे बसलो होतो, मी काय विचारलं, ते काय म्हणालं. त्याचेच शब्द. ‘मामाने मला चिकट केलं’ असं म्हणालं असेल तर तसंच लिहा, तिथे ‘लैंगिक अत्याचार’ लिहू नका. एका आईनं किराणाच्या हिशेबाच्या वहीत, साखर आणि तूरडाळीच्या खाली, मुलाची चार वाक्यं अवतरणात लिहून ठेवली होती. आठ महिन्यांनी साक्ष देताना तिला त्या वहीतल्या शब्दांचा आधार होता.

मुलाचा व्हिडिओ काढू नका. हे कळकळीनं सांगते. मोबाईलसमोर बसवून ‘सांग काय झालं’ असं केलेलं रेकॉर्डिंग कुटुंबाच्या ग्रुपवर जातंच जातं.

फोनवर काही आलं असेल तर चॅट उडवू नका, समोरच्याला ब्लॉक करण्याआधी त्याचा नंबर, प्रोफाइलचं नाव, तारीख, वेळ टिपून घ्या. मुलाचा नग्न फोटो किंवा व्हिडिओ असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, ‘पुरावा म्हणून’ कुणालाही फॉरवर्ड करू नका. तोही गुन्हा होतो. फोन आहे तसा पोलिसांकडे द्या. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांबाबतची अशी तक्रार नाव न देताही करता येते.

टप्पा ३: मुलाला त्या माणसापासून तोडा, पण त्याला गाठू नका

जाब विचारायला गेलात की तीन गोष्टी घडतात. तो पळतो, फोन साफ करतो, किंवा मारहाणीची उलटी तक्रार तुमच्यावर करतो. कधीकधी तिन्ही.

माणूस घरातलाच असेल तर अवघड आहे, आणि सोपं असल्याचं नाटक मी करणार नाही. कमावता तो, घर त्याच्या नावावर, सासू म्हणते घराण्याची अब्रू. तरीही मुलाला मावशीकडे पाठवून त्याला घरात ठेवणं ही शिक्षा मुलाला होते. घर सोडायचं ते त्या माणसानं. लगेच तसं करता येत नसेल तर तुम्ही मुलासोबत बाहेर पडा, त्याला एकटं पाठवू नका. धोका समोर उभा असेल तर ११२. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मूल स्वतःही करू शकतं. बाईला आसरा आणि मदत हवी असेल तर १८१ आणि जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर.

गावकीच्या-भावकीच्या बैठकीला बसू नका. ‘पाच लाख घ्या आणि मिटवा’, ‘दोघांचं मोठेपणी लग्न लावू’ असले प्रस्ताव बाहेर येतात. अशा गुन्ह्यात आपसात तडजोड चालत नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या प्रकरणात समझोत्याच्या आधारावर रद्द केलेला खटला सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू करायला लावला.

शाळेत घडलं असेल आणि तुम्ही शिक्षक असाल तर: संस्थाचालकांच्या परवानगीची वाट बघू नका, संशयिताला बोलावून मुलासमोर उभं करू नका, ‘आधी अंतर्गत चौकशी’ नको. मुलाचे शब्द लिहा, पालकांना बोलवा, पोलिसांना कळवा. पालकच संशयित असतील तर १०९८ किंवा पोलीस थेट.

टप्पा ४: दवाखाना (घटना ताजी असेल तर पोलिसांच्याही आधी)

७२ तास हा आकडा लक्षात ठेवा. एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस चालतात. पाळी सुरू झालेल्या मुलीला गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लवकरात लवकर. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात, पण तीन दिवसांनंतर काही सापडण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते.

निघण्याआधी:

• मुलाला आंघोळ घालू नका, ती जागा धुऊ नका. मुलाला घाण वाटत असेल आणि ते रडत असेल तर समजावून बघा, पण ओरडू नका.
• त्या वेळचे कपडे, चादर, डायपर किंवा पॅड धुऊ नका. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. ओलं असेल तर सावलीत वाळवून मग ठेवा.
• बदलायला एक कपडा, मुलाची आवडती चादर किंवा खेळणं, पाण्याची बाटली, खाऊ. सरकारी रुग्णालयात चार-पाच तास जातात.

कपडे धुतले गेले, आंघोळ झाली, म्हणून जाणं रद्द करू नका. त्या चौकड्यांच्या फ्रॉकसकट आम्ही गेलोच. तपासणी पुराव्यासाठी असते तशी उपचारासाठीही असते.

रुग्णालयात तुम्हाला सांगतील, ‘पोलिसांचं पत्र आणा.’ लागत नाही. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की तातडीचे उपचार देताना डॉक्टरनं पोलिसांचा किंवा मॅजिस्ट्रेटचा कागद मागायचा नाही. सरकारी असो की खाजगी, मोफत प्रथमोपचार देणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. शांतपणे म्हणा, ‘नाकारताय तसं लिहून द्या.’ बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं.

मुलीची तपासणी महिला डॉक्टरनं करायची. पालक किंवा मुलाच्या विश्वासाचं माणूस आत थांबू शकतं. १२ वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती घेतली जाते, आणि तपासणीच्या कुठल्याही भागाला नाही म्हणता येतं, त्यामुळे उपचार थांबत नाहीत. ‘दोन बोटांची चाचणी’ सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्यांना गैरवर्तनाचा इशारा दिला. कुणी करायला निघालं तर थांबवा.

*सावधान: ‘इजा नाही’ असं अहवालात आलं म्हणजे ‘काही घडलं नाही’ असा अर्थ होत नाही. मुलांवरच्या अनेक प्रकारच्या अत्याचारात शरीरावर खूणच राहत नाही. हे आजीला आणि गरज पडली तर तपास अधिकाऱ्यालाही सांगावं लागतं.*

मुलीला गर्भ राहिला असेल तर घाबरून खाजगीत, गुपचूप उरकू नका. अल्पवयीन मुलीला २४ आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपाताची सोय आहे, आणि त्या वेळचा नमुना डीएनएसाठी जपला जातो. गुपचूप उरकलं की मुलीचा जीवही धोक्यात जातो आणि तो नमुनाही.

टप्पा ५: पोलीस

घटना जुनी असेल, तर हा टप्पा दवाखान्याच्या आधी येतो. जुनी म्हणून नोंदवायची नाही असं मात्र नाही. गंभीर गुन्ह्यांना मुदत लागत नाही.

ठाण्यात मुलाला घेऊनच गेलं पाहिजे असं नाही. तक्रार तुम्ही देऊ शकता, तुमच्या वहीतल्या नोंदीच्या आधारे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल तिथे, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. रात्री मुलाला कुठल्याही कारणानं ठाण्यात थांबवता येत नाही. आरोपी मुलाच्या समोर येता कामा नये, ओळख पटवायचं निमित्त करूनही.

ठाण्यात ऐकू येणारी तीन वाक्यं आणि त्यांची उत्तरं:

‘ही आमची हद्द नाही.’ मग शून्य क्रमांकानं नोंदवा आणि तिकडे पाठवा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७३ मध्ये आहे.

‘आधी साधा अर्ज द्या, चौकशी करतो.’ पॉक्सोत माहिती मिळाली की नोंदवायची आणि तिला नोंद क्रमांक द्यायचा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

‘साहेब नाहीत, उद्या या.’ ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन लहान मुलींच्या पालकांना ठाण्यात तासन् तास ताटकळावं लागलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ठाण्यात काम होत नसेल तर १०९८ ला फोन करून तिथूनच सांगा, आणि लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना किंवा शहरात आयुक्तालयाला पाठवा. तेही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे.

सही करण्याआधी एफआयआर वाचून घ्या. मराठीत वाचून दाखवायला सांगा. मुलाचे शब्द बदललेत का, तारखा बरोबर आहेत का, आरोपीचं नातं नीट लिहिलंय का. ‘अंदाजे’ हा शब्द जिथे खरा आहे तिथे घालून घ्या. नक्की माहीत नसलेली तारीख ठामपणे लिहिली की पुढे त्याच तारखेवर मुलाला खोटं पाडतात.

*तपासा: एफआयआरची प्रत, तपास अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि फोन नंबर, जप्त केलेल्या वस्तूंची यादी. तिन्ही हातात आहेत?*

टप्पा ६: बालकल्याण समिती, सोबतीचं माणूस, पैसे

पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या देखभालीचे आणि संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) आणि पॉक्सोच्या विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. कळवलं का, हे तुम्हीच विचारा. आरोपी त्याच घरातला असेल किंवा मुलाला आधारच नसेल, तर मुलाला समितीपुढे न्यावं लागतं. समिती मूल हिसकावून घेते ही भीती खूप आहे. पण सुरक्षित पालक सोबत असेल तर मूल त्याच्याकडेच राहतं.

समितीकडे सपोर्ट पर्सन मागा. हे माणूस फुकट मिळतं, आणि जबाब, दवाखाना, कोर्ट या सगळ्या ठिकाणी मुलाबरोबर असतं. आम्ही वकील नाही. आम्ही तारखा लक्षात ठेवतो, साहेबांना पुन्हा फोन करतो, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात मुलासोबत फुली-गोळा खेळतो.

पैशांचं लाजू नका. प्रवास, जेवण, कपडे यांसाठी समिती तातडीची मदत सुचवू शकते. विशेष न्यायालयाकडे खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई मागता येते, निकालाची वाट पाहावी लागत नाही. अत्याचार झालेल्यांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मोफत वकीलही तिथूनच.

टप्पा ७: मॅजिस्ट्रेट आणि कोर्ट

मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब वेगळा असतो. मुलाला आदल्या दिवशी एवढंच सांगा: ‘एक मॅडम किंवा सर विचारतील, जे आठवतं ते सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. कळलं नाही तर कळलं नाही म्हण.’ घोकून घेऊ नका. पाठ केलेलं मूल ओळखू येतं, आणि खरं बोलत असूनही पडतं.

खटला बंद दरवाजाआड चालतो. मुलाची साक्ष, कोर्टानं दखल घेतल्यापासून ३० दिवसांत व्हावी असं कायदा म्हणतो, आणि खटला शक्यतो वर्षात संपावा. प्रत्यक्षात तारखा पडतात, मनाची तयारी ठेवा. वकील मुलाला थेट प्रश्न विचारू शकत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत येतात. आरोपी दिसू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओची सोय मागा. मधे सुट्टी मागा. साक्षीच्या आधी एखाद्या दिवशी मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणा, खुर्चीत बसून बघू द्या.

जामिनाच्या अर्जाची नोटीस तुम्हाला मिळायला हवी, मुंबई उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये हे बजावलंय. तो सुटला हे तुम्हाला वाण्याच्या दुकानात कळावं, असं होऊ देऊ नका. तपास अधिकाऱ्याला आठवड्याला एक फोन लावत राहा.

टप्पा ८: घर आणि शाळा

उपचार केस संपेपर्यंत थांबवायचे नसतात. ‘निकाल लागू दे, मग समुपदेशनाचं बघू’ ही चूक सुशिक्षित घरांतही होते. बालमानसोपचार तज्ज्ञ जवळ नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं. भगत, देवऋषी, अंगारे यांच्या फेऱ्यात मुलाला पुन्हा अनोळखी माणसाच्या हवाली करू नका.

मूल अंथरूण ओलं करेल, चिकटून राहील, लहान भावाला मारेल, परीक्षेत घसरेल. किंवा यातलं काहीच होणार नाही, ते मजेत क्रिकेट खेळेल, आणि नातेवाईक म्हणतील, ‘बघ, खेळतंय की, तुम्हीच बाऊ करताय.’ खेळणं हा पुरावा नाही, कशाचाच. त्याला खेळू द्या.

घरचे नियम तसेच ठेवा: झोपायची वेळ, गृहपाठ, दात घासणं. अपराधी वाटून रोज नवं खेळणं आणू नका. मोठ्या बहिणीलाही विचारा की ती कशी आहे. तिच्याकडे महिनाभर कुणी बघितलेलं नसतं.

नाव जपा. मुलाची ओळख पटेल असं काहीही, नाव, शाळा, गल्ली, आईबापांचे चेहरे, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. तो व्हॉट्सॲपवर सहानुभूतीनं केलेल्या पोस्टलाही लागू पडतो. पत्रकार दारात आला तर बाहेरूनच परत पाठवा. शाळेत मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांच्यापलीकडे कुणाला कळायचं कारण नाही. वर्गशिक्षिकेला नेमकं काय सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा.

आणि एक साधी फाइल करा, स्टेशनरीच्या दुकानातली वीस रुपयांची. पहिल्या कप्प्यात वहीतल्या नोंदीची झेरॉक्स, मग एफआयआर, दवाखान्याचे कागद, एचआयव्हीच्या फेरतपासणीच्या तारखा, समितीचा आदेश, भरपाईच्या अर्जाची पोच. वर मुलाचं नाव लिहू नका. एका बाबांनी ‘लाइट बिल २०२३’ असं लिहिलं होतं, घरात येणाऱ्या-जाणाऱ्या कुणी कधी हात लावला नाही.